डोकं घरी ठेवून सिनेमा बघता येतो का?

भव्य काल्पनिक सिनेमा लागला की मुंबईत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ज्यांना आवडला ते म्हणतात, ‘डोकं घरी ठेवून जा, मजा येईल.’ ज्यांना नाही आवडला ते म्हणतात, ‘लोकांना वास्तवापासून पळायचं असतं, म्हणून असले पिक्चर चालतात.’ विरार फास्टमध्ये लोंबकळत घरी जाणाऱ्याला आठवड्यातून तीन तास पळावंसं वाटलं तर बिघडलं कुठे, हा वाद मी समाजशास्त्राच्या मंडळींवर सोडतो. माझी हरकत दोन्ही वाक्यांतल्या गृहीतकाला आहे. कल्पनेत शिरणं म्हणजे मेंदूला सुट्टी, असं दोघंही धरून चालतात. गेल्या वीसेक वर्षांतलं मेंदूविज्ञान मात्र सांगतं की समोर नसलेलं जग उभं करणं हे मेंदूच्या सगळ्यात किचकट कामांपैकी एक आहे. काही माणसांना ते जमत नाही. त्यांना पळून जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट गिरगावातून सुरू करणं रास्त. १९१०-११च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके तिथल्या एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघायला गेले. पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला: डोळ्यांसमोरून ख्रिस्ताची चित्रं सरकत होती आणि मनात मात्र श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होती. त्यातून पुढे काय झालं ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सिनेमाचे अभ्यासक त्या लेखात भारतीय चित्रपटाचा उगम शोधतात. मला त्यात मेंदूविज्ञानाचे दोन प्रश्न दिसतात. एक, न पाहिलेलं द्वापरयुगातलं गोकुळ फाळक्यांच्या डोक्यात कशाचं बनलं? आणि दोन, पडद्यावरचं बेथलेहेम आणि आतलं गोकुळ एकाच वेळी दिसत असताना त्यांची गल्लत का झाली नाही?

पहिल्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तो माझ्या आवडीचा आहे.

कानांच्या पातळीवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत खोलवर, साधारण करंगळीएवढा एक वळलेला भाग असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. १९५३ मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या एका रुग्णाचे दोन्हीकडचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढून टाकले गेले आणि त्यानंतर त्याला नवीन काहीही लक्षात राहीना. तेव्हापासून हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मरणाचं इंद्रिय असं समीकरण पक्कं झालं. २००७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी एक साधासाच प्रश्न विचारला: ज्यांचा हिप्पोकॅम्पस निकामी झालाय त्यांना भूतकाळ आठवत नाही हे ठीक, पण त्यांना कल्पना करता येते का? (हे हसाबिस आधी कॉम्प्युटर गेम बनवायचे. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर डीपमाइंड कंपनी काढली आणि २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळवला. माणूस कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.) त्यांनी अशा पाच रुग्णांना सांगितलं, समजा तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पहुडला आहात, आजूबाजूला काय दिसतंय ते सांगा. यात आठवायचं काहीच नाही, सगळं मनानं रचायचं. तरीही बहुतेकांना ते जमलं नाही. आकाश, वाळू, लाटांचा आवाज असे सुटे तुकडे सांगता आले, पण ते एका जागेत बसेनात. किनारा तयारच होईना.

याचा अर्थ असा की रंग, वास, चेहरे, आवाज हा माल मेंदूच्या बाहेरच्या थरात ठिकठिकाणी साठवलेला असतो आणि हिप्पोकॅम्पस त्यातून देखावा उभा करतो. गोरेगावच्या चित्रनगरीत तेच प्लायवुड, तेच खांब आज देऊळ होतात आणि पुढच्या महिन्यात कोर्ट. गोदाम शाबूत असलं तरी कुठला खांब कुठे लावायचा हे सांगणारा कलादिग्दर्शक नसेल तर सेट लागत नाही. आठवण हा जुन्या आराखड्यावर पुन्हा लावलेला सेट, कल्पना हा नव्या आराखड्यावरचा. फाळक्यांच्या गोकुळातही त्र्यंबकेश्वरचं बालपण, जे.जे. स्कूलमधली चित्रकला आणि रविवर्म्याच्या छापखान्याशी आलेला संबंध यांचा माल असणारच. न पाहिलेलं गोकुळ पाहिलेल्या गोष्टींतूनच बांधावं लागतं.

सगळ्यांना हे मान्य आहे असं मात्र नाही. लॅरी स्क्वायर यांच्या गटाने २०१० मध्ये असेच रुग्ण तपासले, तेव्हा त्यांना भविष्यातले प्रसंग बऱ्यापैकी रंगवता आले. इजा नेमकी कुठे, किती आणि कुठल्या वयात झाली यावर बरंच अवलंबून असावं. वाद मिटलेला नाही. पण उंदरांवरच्या प्रयोगांतून जे बाहेर आलंय त्यामुळे माझा कल हसाबिस-मॅग्वायर यांच्याकडे आहे.

ते समजण्यासाठी थोडं मागे, १९७१ मध्ये जायला हवं. जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की विद्युत स्पंदनं सोडू लागतात. त्यांना प्लेस सेल म्हणतात. (२०१४च्या नोबेलचा अर्धा भाग त्यासाठी होता.) माणसातही अशा पेशी आढळल्या आहेत. दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून तुम्ही प्लाझाकडे निघालात तर पुलाच्या पायथ्याशी काही पेशी बोलतात, फुलबाजाराशी दुसऱ्या, प्लाझाच्या दारात तिसऱ्या. पुरेशा पेशींची स्पंदनं एकाच वेळी टिपली तर प्राणी कुठे आहे हे त्याच्याकडे न बघता सांगता येतं.

खरी गंमत पुढे आहे. चालणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एक विद्युत लय सुरू असते, सेकंदाला साधारण आठ आवर्तनांची. तिला थीटा म्हणतात. एका आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागात, प्लेस सेल एका मागोमाग बोलतात: आधी किंचित मागच्या जागेची पेशी, मग आत्ताच्या, मग पुढच्या जागेची. म्हणजे प्रत्येक आवर्तनात मेंदू आहे त्या जागेवरून थोडा पुढे डोकावून परत येतो. २०२० मध्ये केनेथ के, लॉरेन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी वाट जिथे दुभंगते तिथे येणारे उंदीर तपासले. तिथे एका आवर्तनात डावीकडच्या वाटेच्या पेशी बोलत, पुढच्या आवर्तनात उजवीकडच्या, परत डावीकडच्या. उंदीर एकच, पाय एकाच जमिनीवर, आणि डोक्यात सेकंदाला आठ वेळा ‘असं झालं तर? तसं झालं तर?’ हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा वाचला होता. ‘समजा’ या शब्दाचं यंत्र दिसावं, आणि तेही उंदरात!

विश्रांतीच्या वेळी याहून मोठं नाटक चालतं. उंदीर थांबला किंवा झोपला की आधी चाललेल्या वाटेच्या पेशी त्याच क्रमाने, पण कित्येक पट वेगाने पुन्हा बोलतात, कधीकधी उलट्या क्रमानेही. आणि अनुपम गुप्ता, डेव्हिड रेडिश वगैरेंनी २०१० मध्ये दाखवलं की या पुनरावृत्तीत कधीकधी अशीही वाट येते जी उंदीर सलग कधी चाललेलाच नाही. ओळखीचे दोन तुकडे, जोडणी नवी. हरणाचं अंग आणि गरुडाचे पंख जोडून नवा प्राणी करणं यापासून फार लांब नाही.

यावर कडी केली २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातल्या चोंगशी लाय, टिम हॅरिस आणि अल्बर्ट ली यांनी. त्यांचा उंदीर एका फिरत्या गोळ्यावर चालायचा आणि भोवतीच्या पडद्यावर आभासी जग त्याप्रमाणे सरकायचं. कुठल्या जागी कुठल्या पेशी बोलतात हे कॉम्प्युटरने शिकून घेतलं. मग गोळा आणि पडदा यांचा संबंध तोडला. आता पाय हलवून उपयोग नाही; इच्छित जागेच्या पेशी बोलल्या तरच पडद्यावरचं जग तिकडे सरकणार आणि बक्षीस मिळणार. उंदीर ते शिकले. दुसऱ्या प्रयोगात उंदीर जागेवरच, आणि एक वस्तू नुसत्या विचाराने हव्या त्या ठिकाणी न्यायची आणि तिथे धरून ठेवायची. तेही त्यांना कित्येक सेकंद जमलं. पहिल्या प्रयोगाला संशोधकांनी ‘जंपर’ नाव दिलं, एका हॉलिवूडपटावरून. दुसऱ्याला ‘जेडाय’, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधले नुसत्या इच्छाशक्तीने वस्तू हलवणारे योद्धे. उंदराला त्या वेळी आपल्यासारखं काही ‘दिसत’ होतं का, हे यातून कळत नाही. पण पाय जिथे आहेत तिथून वेगळीच जागा मेंदूत ठरवून उभी करण्याची कला माणसाच्या मालकीची नाही, एवढं नक्की.

इथे एक सावधगिरी. ‘विचाराने वस्तू हलली’ एवढंच वाक्य उचलून त्यावर दुकान थाटणारे आपल्याकडे कमी नाहीत. उंदराच्या मेंदूत तारा होत्या, तारांपुढे कॉम्प्युटर होता आणि हलणारी वस्तू पडद्यावरची होती. मधल्या काळात महाराष्ट्रात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या शिबिरांचं पेव फुटलं होतं. भरमसाट फी भरा, मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून वाचेल! तो वाचत असे नाकाच्या कडेला उरलेल्या फटीतून. फट नीट बुजवली की दिव्यदृष्टी संपते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी वेळोवेळी दाखवलंय. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, प्रत्येकाचा जन्मापासून सुरूच असतो. पडद्यावर अचानक काही अंगावर आलं की डोळे तिकडे वळतात, ते त्याच्याच कृपेने. तो बंद असता तर मूल शिबिरात नाही, अतिदक्षता विभागात असतं.

आता दुसरा प्रश्न, गल्लत का होत नाही? योगायोग असा की फाळक्यांचा अनुभव ज्या काळातला, त्याच सुमारास, १९१० मध्ये, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या शेव्ह्ज पर्की यांनी याच प्रश्नावरचं संशोधन छापलं. त्यांनी लोकांना दुधी काचेच्या पडद्याकडे बघत टोमॅटो, केळं, पान अशा वस्तूंची कल्पना करायला सांगितलं. लोकांना न कळू देता पडद्यामागून त्याच वस्तूचं अतिशय फिकट चित्र हळूहळू टाकलं जाई. लोक त्या चित्राला आपलीच कल्पना समजले. काहींना नवल वाटलं ते एवढंच, की आपण केळं आडवं धरून चाललो होतो आणि हे उभं कसं दिसतंय!

शंभरेक वर्षांनी, २०२३ मध्ये, युनिव्हर्सिटी कॉलेजातल्याच नादीन डाइक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी या जुन्या कोड्याला नवं उत्तर सुचवलं. पाहणं आणि कल्पणं दोन्हीही मेंदूतल्या दृष्टीच्या भागांचाच बराचसा वापर करतात आणि संकेत एकमेकांत मिसळतात. मेंदू त्या एकत्र संकेताचा जोर मोजतो. जोर एका उंबरठ्यापलीकडे गेला तर ‘खरं’, अलीकडे राहिला तर ‘मनातलं’. ज्यांची कल्पना जास्त ठसठशीत, त्यांनी ‘खरंच काहीतरी दिसलं’ म्हणण्याची शक्यता जास्त. गिरगावात प्रोजेक्टरचा प्रकाश उंबरठ्याच्या बराच पलीकडे होता, गोकुळ अलीकडे.

यातून काल्पनिक सिनेमाबद्दल एक मजेशीर गोष्ट निघते. पुस्तकातला राक्षस उंबरठ्याच्या अलीकडे राहतो, पडद्यावरचा पलीकडे जातो, कारण तिथून खरा प्रकाश खऱ्या डोळ्यांत शिरतो. दृष्टीपुरता तो खराच. ‘हे खोटं आहे’ हे ज्ञान मेंदूत दुसरीकडे, तिकीट काढलं त्या आठवणीशेजारी, बसलेलं असतं आणि दचकणं थांबवायला ते वेळेवर पोचत नाही.

हा फरक मोजलाही गेलाय. काही लोकांना मनात चित्रच दिसत नाही. ‘आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणा’ म्हटलं तर त्यांना आई कशी दिसते हे ठाऊक असतं, पण चेहरा येत नाही. २०१५ मध्ये ॲडम झीमन यांनी या स्थितीला अफँटेजिया हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियात जोएल पिअर्सन यांच्या गटाने २०२१ मध्ये अशा लोकांना अंधाऱ्या खोलीत भीतिदायक गोष्टी वाचायला दिल्या, शार्क मागे लागल्याच्या वगैरे. भीतीने त्वचेला सूक्ष्म घाम येतो आणि तिची विद्युतवाहकता वाढते, ती मोजली. इतरांची वाढत गेली, यांची जवळजवळ सपाट राहिली. भीतिदायक फोटो दाखवले तेव्हा मात्र दोन्ही गट सारखेच घाबरले.

मग अशा माणसांनी परीकथांच्या सिनेमात काम करूच नये की काय? पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही. डिस्नेची जलपरी एरियल रेखाटणारे ॲनिमेटर ग्लेन कीन यांनाही नाही. ते कागदावर रेघोट्या ओढत राहतात आणि आकृती तिथे, कागदावरच, सापडते. हे कळल्यावर कॅटमल यांनी पिक्सारमधल्या ५४० सहकाऱ्यांची पाहणी केली. सरासरीने मनातली चित्रं जास्त ठळक निघाली ती चित्रकारांची नव्हे, निर्मिती-व्यवस्थापकांची.