अवलंबित्व सिद्धांत

गरीब देश मागे राहिले ते विकासाच्या वाटेवर उशिरा निघाले म्हणून नव्हे, तर श्रीमंत देशांशी त्यांचा व्यापार विषम अटींवर जोडला गेला म्हणून, असे मानणारी अर्थशास्त्रातील विचारधारा. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मुख्यतः लॅटिन अमेरिकेत आकाराला आली.

तिचा पाया राउल प्रेबिश यांनी घातला. १९३५ ते १९४३ या काळात ते अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे महाव्यवस्थापक होते. जागतिक मंदीत गहू-मांसाचे भाव कोसळले. आयात यंत्रांचे मात्र त्या मानाने कमी उतरले, हे त्यांनी जवळून पाहिले. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आर्थिक आयोगासाठी १९४९ मध्ये लिहिलेल्या अहवालात त्यांनी जगाची ‘केंद्र’ (कारखानदारीत पुढारलेले श्रीमंत देश) आणि ‘परिघ’ (कच्चा माल विकणारे गरीब देश) अशी विभागणी केली. परिघावरच्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात घसरत जातात; म्हणजे तेवढेच यंत्र घ्यायला अधिकाधिक गहू किंवा कॉफी मोजावी लागते. अर्थतज्ज्ञ हान्स सिंगर हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे या निष्कर्षाला पोचले. कारणे दोन. उत्पन्न दुप्पट झाले म्हणून कोणी दुप्पट कॉफी पीत नाही. शिवाय उत्पादकता वाढली की केंद्रातील संघटित कामगार तिचा लाभ वेतनवाढीच्या रूपाने पदरात पाडून घेतात. परिघावर मजूर मुबलक, त्यामुळे तो लाभ स्वस्त मालाच्या रूपाने परदेशी ग्राहकाकडे जातो.

समोरची बाजू अमेरिकन अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांची. प्रत्येक समाज पाच टप्प्यांतून पुढे जातो आणि पुरेशी गुंतवणूक झाली की ‘उड्डाण’ घेतो, असे त्यांनी १९६० मध्ये मांडले. अवलंबित्व विचारधारेतील आंद्रे गुंडर फ्रँक यांनी यावर टोकाचे उत्तर दिले: अविकसितपणा ही आरंभीची अवस्था नाहीच, भांडवलशाही व्यापारानेच तो घडवला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० च्या दशकात याच्याशी मिळतेजुळते चित्र रेखाटले होते: कच्चा माल पिकवणारा मळा म्हणजे हिंदुस्थान, तो माल ब्रिटिश जहाजांतून जातो, ब्रिटिश भांडवलावर त्याचे कापड होते आणि ते पुन्हा इथेच विकले जाते. फरक एवढाच की रानडे यांच्यासमोर परकी राज्यसत्ता होती, तर प्रेबिश यांचा देश शतकापूर्वीच स्वतंत्र झालेला होता. म्हणूनच प्रेबिश यांचा प्रश्न अधिक अवघड ठरतो.

निदानाच्या मानाने उपचार कच्चा निघाला. आयात मालाला देशी पर्याय उभे करण्याच्या धोरणाने ब्राझील, मेक्सिको येथे कारखाने आले. पण त्यांची यंत्रे आणि सुटे भाग बाहेरूनच आणावे लागत, आणि त्यासाठीचे परकीय चलन पुन्हा कच्च्या मालाच्याच निर्यातीवर अवलंबून राहिले. जकातींच्या भिंतीआड कारखानदार सुस्तावले. खुद्द प्रेबिश यांनीही पुढे अतिसंरक्षणावर टीका केली. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीस असमर्थता जाहीर केली, तेव्हा या धोरणाचा दबदबा संपला. दक्षिण कोरिया आणि तैवान निर्यातीच्या बळावर वर आले, हा सिद्धांतावरचा सर्वांत जड आक्षेप. मात्र कोरियात बँका आणि कर्जवाटप दीर्घकाळ सरकारच्या मुठीत होते, हे खुल्या बाजाराचे समर्थक सोयीस्करपणे गाळतात.

याच विचारधारेतील ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ फर्नांडो एन्रिके कार्दोसो यांनी एन्झो फालेत्तो यांच्यासह मध्यम भूमिका घेतली होती: अवलंबून राहूनही विकास होऊ शकतो, तो कसा होईल हे देशांतर्गत वर्गसंबंधांवर ठरते. हेच कार्दोसो १९९५ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष झाले आणि १९९७ मध्ये त्यांच्या सरकारने व्हाले ही लोहखनिजाची अवाढव्य सरकारी कंपनी खासगी भांडवलाकडे सोपवली.