संगणकामागील ऑडिओ जॅक : एक माप, अनेक कामे

संगणकाच्या मागील बाजूस असलेले गुलाबी, निळे आणि पोपटी जॅक मापाने अगदी सारखे असतात, आणि त्यांच्याविषयीचा बहुतेक गोंधळ याच सारखेपणातून उद्भवतो. मुळात हे माप संगणकासाठी ठरलेलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर पाव इंची पिन बोर्डात खोचून दोन ग्राहकांची जोडणी करून देत, तिचीच ३.५ मिलिमीटरची धाकटी आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनसाठी वापरात आली आणि १९७९ च्या सोनी वॉकमनने ती जगभर नेली.

१९८१ च्या आयबीएम पीसीला हेडफोनचा जॅक नव्हताच. पुढे १९८७ मध्ये अ‍ॅडलिबचे आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ ही साउंड कार्डे, म्हणजे संगणकात बसवायची आवाजाची सर्किटे, आली. त्या काळच्या पुष्कळ कार्डांवर जॅकची नावे पत्र्यावर बारीक अक्षरांत कोरलेली असत, त्यामुळे वायर लावायची तर टेबलाखाली बॅटरी घेऊन वाकावे लागे. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेने माइकला गुलाबी, लाइन-इनला (मिक्सरसारख्या दुसऱ्या उपकरणाचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला) फिकट निळा आणि स्पीकरला पोपटी रंग नेमून दिला.

रंग वेगळे ठेवण्याला तसेच सबळ कारण होते. माइकचा सिग्नल व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका क्षीण असल्याने गुलाबी जॅकमागे तो वाढवणारे सर्किट असते. लाइनचा सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा असतो. ठाण्यातील एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता गणेशोत्सवातील कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी मिक्सरची वायर गुलाबी जॅकमध्ये खोचतो तेव्हा आवाज फाटतो तो यामुळेच, आणि दोष मात्र बिचाऱ्या वायरला दिला जातो.

२००४ मध्ये इंटेलने एचडी ऑडिओ ही पद्धत आणल्यावर जॅकचे काम सॉफ्टवेअरमधून बदलता येऊ लागले. तीनच जॅक असलेल्या अनेक मदरबोर्डांवर ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर) जोडल्यास निळा जॅक मागच्या स्पीकरांसाठी आणि गुलाबी मधला स्पीकर व सबवूफर यांच्यासाठी वापरला जातो.

आताच्या बहुतेक लॅपटॉपवर माइक आणि हेडफोन यांना मिळून एकच जॅक असतो. त्यासाठी ठाणे स्टेशनबाहेर स्प्लिटर घेताना पिनेवरील काळ्या रेघा मोजाव्यात : तीन असतील तर तो माइक आणि हेडफोन वेगळे करतो, दोनच असतील तर एकच गाणे दोघांना ऐकवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.