रेदीची जाळी, मूसची तंगडी

अलास्कात सप्टेंबर हा मूसच्या शिकारीचा महिना. हरणांच्या कुळातला हा सगळ्यांत थोराड प्राणी. भरलेला नर ७०० किलोच्या पुढे जातो आणि साफ करून, हाडं काढून २२५ किलोच्या आसपास मांस निघतं. बार झाला की शिकाऱ्याची खरी मेहनत सुरू होते. बोट किंवा छोटं विमान काही किलोमीटरवर उभं असतं आणि मधे दलदल. पाठीवर एका खेपेला ३०-३५ किलो न्यायचे म्हटले, तरी सात-आठ खेपा होतात. तोवर उरलेलं मांस रानातच लटकत राहतं. ते टाकूनही येता येत नाही, कारण खाण्याजोगं मांस वाया घालवणाऱ्याला तिथे १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. भिंतीवर मिरवायची शिंगंसुद्धा मांसाच्या शेवटच्या खेपेआधी हलवायची नाहीत, असा नियम आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आणि ते बरंच झालं. पण फ्रीजशिवाय मांस दोन-तीन दिवस टिकवायचं कसं, यामागचं विज्ञान मात्र समजून घेण्यासारखं आहे.

या कामासाठी तिकडचे शिकारी एक कापडी पिशवी वापरतात, तिला गेम बॅग म्हणतात. दिसायला उशीच्या अभ्र्यासारखी, तोंडाला नाडी. तिच्याकडून दोन अपेक्षा असतात: आतली ऊब आणि दमटपणा बाहेर जाऊ द्यायचा आणि बाहेरची माशी आत येऊ द्यायची नाही. पहिलीसाठी कापड विरळ हवं, दुसरीसाठी घट्ट. पिशवी निवडणं म्हणजे या ओढाताणीत कुठे थांबायचं ते ठरवणं.

आधी उबेचं बघू. जनावर मरतं तेव्हा त्याचं अंग ३८ अंशांच्या आसपास असतं आणि स्नायू लगेच थंड पडत नाहीत. त्यांत साठलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साखरेच्या साठ्याचं, लॅक्टिक आम्ल होत राहतं. दिवसभरात मांसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ वरून साधारण ५.५ वर उतरतो आणि एवढी आम्लता जिवाणूंना मानवत नाही. जखमी होऊन जनावर लांबवर पळालं असेल तर ग्लायकोजेन आधीच खर्ची पडलेलं असतं. मग पीएच पुरेसा उतरत नाही, मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर नासतं. ते कुठल्याही पिशवीत घातलं तरी फार फरक पडत नाही.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जिवाणू जवळजवळ नसतातच. ते येतात केसांवरून, आतड्यांतून, सुरीवरून, आपल्या हातांवरून, आणि बसतात पृष्ठभागावर. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात, म्हणून शक्य तितक्या लवकर मांस या पट्ट्याखाली न्यायचं. इथे जाडी आडवी येते. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १० सेंटीमीटर जाड तुकडा निवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ २० सेंटीमीटरच्या तुकड्याला. मागच्या पायाच्या खुब्यापाशी, हाडालगतचा गाभा सगळ्यांत शेवटी निवतो, आणि वरून लालबुंद दिसणारी तंगडी कापल्यावर तिथेच आंबूस वास येतो. म्हणूनच सगळं मांस एका मोठ्या पोत्यात कोंबण्याऐवजी प्रत्येक तंगडीला वेगळी पिशवी लागते. हाडं काढली तर मांस लवकर निवतं आणि ओझंही उतरतं, हे खरं. पण अलास्काच्या काही भागांत १ ऑक्टोबरपूर्वी मारलेल्या मूसच्या तंगड्या आणि फासळ्यांचं मांस रानाबाहेर येईपर्यंत हाडावरच ठेवावं लागतं. त्यात शहाणपणही आहे. हाडावरच्या तंगडीला कापलेले पृष्ठभाग कमी असतात, ती मोकळी टांगता येते, तिच्याभोवती वारा खेळतो. सुटं केलेलं मांस पिशवीच्या तळाशी गोळा होऊन बसतं.

आता ओलाव्याचं गणित. एल्क या हरणांच्याच कुळातल्या, मूसहून लहान प्राण्याची मागची तंगडी २५ किलोची धरू. ती ३८ वरून ५ अंशांवर आणायची तर सुमारे २९०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे समजा सगळी उष्णता बाष्पीभवनानेच घालवायची ठरवली, तरी सव्वा लिटरहून कमी पाणी उडावं लागेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता थंड वारा आणि रात्रीची हवा नेते, त्यामुळे मांस एवढं सुकत नाही. पण थोडंफार पाणी उडतं ते दोन कामं करून जातं: माठासारखा गारवा देतं आणि मांसावर कोरडी, चिवट साय धरते. पाणीच हाताशी नसल्यावर बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, माशीलाही कोरड्या जागी अंडी घालणं रुचत नाही. शिकारी या सायीला फार जपतात, आणि ते योग्यच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत नेमकी तीच धरत नाही. ऊब कोंडते, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात, मांस आपल्याच घामात भिजतं. कचऱ्याची काळी पिशवी तर खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलेलीच नसते. नदी ओलांडताना पाणी लागू नये म्हणून मांस थोडा वेळ प्लास्टिकमध्ये घातलं तर हरकत नाही. पलीकडे पोचताच बाहेर काढायचं.

माशीचा बंदोबस्त मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच झाला होता. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काहींवर तलम जाळीचं कापड बांधलं. उघड्या मांसात अळ्या पडल्या. झाकलेल्यात पडल्या नाहीत, पण जाळीवर अळ्या वळवळताना दिसल्या. मांसातून आपोआप किडे जन्मतात या जुन्या समजुतीला तो मोठा धक्का होता. गेम बॅग म्हणजे रेदीची जाळीच आहे, फक्त रेदीची बरणी तिच्यात नाही आणि तीच अडचण आहे. बरणीत कापड आणि मांस यांच्यात अंतर होतं. पिशवीत कापड मांसाला चिकटतं, आणि वीण विरळ असली की निळी किंवा हिरवी माशी भोकातून थेट मांसावर अंडी सोडते. शिवाय अंड्यातून निघालेली अळी जेमतेम दोन मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरहूनही बारीक असते. कापडावर जन्मली तरी ती सैल विणीतून आत घुसते. दुकानात मिळणाऱ्या सगळ्यांत स्वस्त, ताणल्या जाणाऱ्या पातळ जाळीच्या पिशव्या इथेच हरतात. ताणल्या की भोकं मोठी होतात आणि पहिल्याच फांदीला फाटतात. त्या घेऊ नयेत, एवढं मी खुशाल सांगेन.

मग उरतात दोन पर्याय, जाड विणीचं सुती कापड किंवा पॉलिएस्टर-नायलॉनचं बारीक विणलेलं कापड. सुती कापड रक्त आणि ओलावा शोषून घेतं, स्वस्त असतं, घरीही शिवता येतं. पण भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही, आणि पावसात ओला, गार बोळा होऊन मांसाला चिकटून बसतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे पिशवी हलकी राहते आणि वाऱ्यावर भराभर वाळते. पाठीवरून मैलोन्‌मैल चालायचं असेल तर मी कृत्रिम धाग्याची घेईन. गाडी शेजारीच असेल तर सुती पिशवीने काही अडत नाही. रंग पांढरा किंवा भडक बरा. अस्वलांच्या मुलखात दुसऱ्या खेपेला परतताना मांस लांबून दिसायला हवं, म्हणजे त्यावर कोणी आधीच येऊन बसलंय का ते दुर्बिणीतून बघता येतं.

पिशवी सावलीत, वाऱ्यावर, दुसऱ्या पिशवीला न टेकता टांगायची. टांगायला झाड नसेल तर आडव्या फांद्यांची शेज करून त्यावर ठेवायची, खालून हवा गेली पाहिजे. नाडीच्या तोंडाशी पडणाऱ्या चुण्या रोज उलगडून बघाव्यात, माशीची आवडती जागा तीच. काही जण मांसावर सायट्रिक आम्लाचं पाणी फवारतात, त्याने पृष्ठभागाचा पीएच आणखी उतरतो.

घरी आल्यावर पिशवी गरम पाण्यात टाकण्याची घाई करू नये. रक्तातली प्रथिनं गरम पाण्यात गोठून धाग्याला धरतात, मग डाग जन्मभर जात नाही. आधी गार पाण्यात भिजवायची, दोन-तीन वेळा पाणी बदलायचं, मग प्रथिनं तोडणारी विकरं असलेल्या, बिनवासाच्या पावडरीत धुवायची. कपडे मऊ करणारं द्रव्य नको. त्याचा थर धाग्यावर बसतो, वास मांसाला लागतो. सुती पिशवी नंतर उकळून घेता येते. नायलॉनला ब्लीच आणि फार ऊन दोन्ही सोसत नाहीत. पिशवी पूर्ण वाळल्यावर उजेडासमोर धरून शिवणी तपासाव्यात. सुईएवढं भोकही अळीला पुरतं.

रॉकी पर्वताच्या भागात, कोलोरॅडो-वायोमिंगकडे, आणखी एक भानगड आहे. हरणं आणि एल्क यांच्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग आढळतो. तो पहिल्यांदा दिसला १९६७ मध्ये, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात. त्याचं कारण जिवाणू नाही, प्रायॉन नावाचं चुकीच्या घडीचं प्रथिन आहे. साबण किंवा उकळतं पाणी त्याला काही करत नाही. घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं ठेवल्यास पोलादावरचे प्रायॉन निकामी होतात, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. पण मांसाच्या कणांच्या आत ब्लीच शिरत नाही. म्हणजे सुरी वाचते. विणीत मांसाचे कण अडकलेल्या पिशवीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. जनावराला हा रोग होता का, या चाचणीचा निकाल येईपर्यंत ती वेगळी ठेवावी, आणि निकाल वाईट आला तर मांसाबरोबरच टाकून द्यावी.