फोन करताना नेमकं काय सांगाल? : आमच्या इंटरनेट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"नेट बंद आहे," असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "डब्यावर कुठला दिवा लागलाय?" काहींना ही टाळाटाळ वाटते. पण काम फोनवर दोन मिनिटांत होणार की माणसाला शिडी घेऊन निघावं लागणार, हे त्या एका उत्तरावर ठरतं. म्हणून हे पत्रक राऊटरजवळच चिकटवून ठेवा.

खांबावरून तुमच्या घरात येणारी बारीक वायर म्हणजे फायबर. तिच्यात तांबं नसतं, केसाएवढी काच असते आणि त्या काचेतून प्रकाश धावतो. ही वायर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. तो प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. राऊटरचं काम वेगळं. आलेलं एक कनेक्शन तो मोबाइल, टीव्ही, कॅमेरे यांना वाटून देतो. हल्ली दोन्ही एकाच डब्यात येतात, म्हणून नावांची गल्लत होते.

'एलओएस' असं लिहिलेला दिवा लाल झाला, की समजा प्रकाशच पोचत नाहीये. मग राऊटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट आम्हाला कळवा. जुळे सोलापुरात एका घरी दिवाळीच्या रंगकामानंतर असंच झालं होतं. वायर कुठेच तुटलेली नव्हती. कपाट परत भिंतीला लावताना ती मागे दाबली जाऊन काटकोनात वाकली होती. काच फार वाकली की प्रकाश वाटेतच बाहेर निसटतो. कपाट चार बोटं पुढे घेतलं, वायर सैल केली आणि दिवा हिरवा झाला. फायबर गुंडाळायचीच असेल तर वाटीएवढं वेटोळं ठेवा, घडी घालू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून दाबलंत तर आम्ही भरलेली सगळी सेटिंग पुसली जातात.

वेगाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. प्लॅनमधले 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट. फाइल उतरवताना दिसतात ते मेगाबाइट, आणि एका बाइटमध्ये 8 बिट असतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. तिथे 11-12 दिसत असेल तर लाइन उत्तम आहे. वेग तपासायचा तर लॅपटॉप लॅन केबलने, म्हणजे वायफायऐवजी वायरने, राऊटरला जोडून तपासा. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरांत वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा दुसऱ्या खोलीत जेमतेम पोचतो. 2.4 चा पट्टा लांब जातो, पण वेग कमी देतो. व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर पिंगही बघा. पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात आणि जितका कमी तितका चांगला.

कारखानदारांसाठी आयपी ॲड्रेस, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, महत्त्वाचा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे 430 कोटीच आहेत, त्यामुळे बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरावा लागतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लूमवरचे कॅमेरे घरून थेट डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला) जोडून बघायचे असतील, तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता मागा. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून दिसत असतील तर त्याचा खर्च करू नका. शेडमध्ये डबा मात्र बंद पेटीत ठेवा. सुताची तूस जाळीत बसते, डबा तापतो आणि एप्रिल-मे मध्ये आधी ॲडॉप्टर जातो.

वळवाचा पाऊस गडगडायला लागला की ॲडॉप्टर आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

आता सेवेचं. 'अपटाइम (नेट चालू राहण्याचा वेळ) 99 टक्के' हे ऐकायला भारी वाटतं, पण 30 दिवसांच्या महिन्यात 1 टक्का म्हणजे 7 तास 12 मिनिटं बंद. म्हणून कुठल्याही कंपनीकडून, आमच्याकडूनही, हा आकडा लेखी घ्या आणि नियोजित दुरुस्तीचे तास त्यात धरले आहेत का ते विचारा. तक्रार नोंदवली की तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तुम्ही "चालू झालं" म्हणेपर्यंत ते तिकीट आमच्याकडे उघडंच राहतं.