उभ्या झाडातील नक्षीदार लाकडाची ओळख

रुंदपर्णी (पानझडी व इतर कठीण लाकडाच्या) वृक्षांच्या खोडात तंतूंच्या असाधारण मांडणीमुळे जी नक्षी तयार होते, तिचा सुगावा झाड तोडण्यापूर्वी व ओंडका करवतीखाली जाण्यापूर्वी लावण्याचे तंत्र. एकाच जंगलातील, एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एकाचे लाकूड साध्या फळ्यांच्या भावाने विकले जाते, तर दुसऱ्याचे व्हायोलिनच्या पाठीसाठी किंवा उंची फर्निचरच्या व्हिनियरसाठी (वर चिकटवायच्या पातळ लाकडी थरासाठी) कित्येक पट किमतीला जाते. त्यामुळे या कौशल्याला लाकूड व्यापारात मोठे मोल आहे. त्यातील कोणतीही बाह्य खूण मात्र पूर्ण खात्री देत नाही. साल शक्यता सांगते, निर्णय लाकूडच देते.

नक्षी दोन प्रकारची असते. ओकच्या त्रिज्यीय कापावर (गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेल्या पृष्ठभागावर) चमकणारे, लाकडातील आडव्या पेशीरांगांचे म्हणजे ‘किरणांचे’ पट्टे किंवा सापेली या आफ्रिकी वृक्षाच्या फळीवरील फितीसारख्या रेघा हा त्या त्या जातीचाच गुण असल्याने त्या शोधाव्या लागत नाहीत; योग्य दिशेने कापले की त्या दिसतात. लहरी, गोधडीसारखी उंचसखल दिसणारी आणि ‘पक्षीनेत्र’ म्हणून ओळखली जाणारी ठिपकेदार नक्षी मात्र जातीतील मोजक्याच झाडांत आढळते. शोध असतो तो याच झाडांचा. त्याचा सर्वाधिक अभ्यास मेपल वृक्षांवर झाला आहे.

लहरी नक्षीत तंतू खोडाच्या अक्षाला समांतर सरळ न चढता नागमोडी चढतात. फळीवर ते कोठे पृष्ठभागाला समांतर, तर कोठे तिरके छेदले जातात. समांतर तंतू प्रकाश परावर्तित करतात, छेदलेली टोके तो शोषतात. म्हणून फळी कलती केली की उजळ पट्टे गडद आणि गडद पट्टे उजळ होतात. पक्षीनेत्र नक्षीत ऊतककराच्या (सालीखाली नवे लाकूड तयार करणाऱ्या) थरावर बारीक शंकूसारखे खळगे पडतात आणि पुढची प्रत्येक वाढ तोच खळगा जपत जाते. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरातल्या साखर मेपलमध्ये (एसर सॅकरम) आढळते. तिच्या कारणांविषयी एकमत नाही. बुरशी, दाट सावलीतील मंद वाढ, आनुवंशिकता अशी अनेक कारणे सुचवली गेली असली, तरी कोणतेही एक पुरेसे ठरलेले नाही.

पाहणी करणारा प्रथम खोडाचा बुंधा पाहतो, कारण लहरी नक्षी बहुधा तेथे ठळक असते आणि वर जाताना विरळ होते. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात पातळ, गुळगुळीत सालीच्या झाडावर एकाखाली एक अशा आडव्या उंचवट्यांची सावली पडते. कपडे घासायच्या पन्हळी फळीसारखे ते दिसते. येथेच नवख्याची फसगत होते. फांदीच्या खालच्या बाजूला आणि वाकलेल्या खोडाच्या आतल्या अंगाला सालीवर ज्या सुरकुत्या पडतात, त्या दाबामुळे पडतात आणि पुष्कळदा फांदीपासून थोड्या अंतरावरच संपतात. सरळ, बिनफांद्यांच्या खोडावर अशी लहर दोनतीन बाजूंनी दिसली, तरच ती विचारात घ्यावी. तुटलेली फांदी, सुकून सालपट गळालेला भाग किंवा जुनी जखम मिळाली, तर तेथे उघडे पडलेले लाकूड सालीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

खात्रीसाठी सालीला लहानशी ‘खिडकी’ पाडून खालचे लाकूड पाहिले जाते. बोटे फिरवली की पक्षीनेत्राचे खळगे किंवा गोधडीसारखे फुगवटे डोळ्यांआधी हाताला जाणवतात. दुसरा उपाय म्हणजे वाढ मापनाच्या पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षाही बारीक नमुना काढणे. त्यावरून नक्षी किती खोलवर गेली आहे याचा अंदाज येतो. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तरुणपणी सरळ तंतूंचे असलेले झाड पुढे काही वर्षांनी लहरी होऊ शकते आणि मग नक्षी केवळ बाहेरच्या वलयांपुरती राहते. दोन्ही उपायांनी झाडाला जखम होते आणि तिच्यातून कुज शिरू शकते. ज्या झाडाचे मूल्य वाढवायचे, त्यालाच तपासणीने बाधा पोहोचावी ही या तंत्राची अडचण आहे. तोडणीनंतर सर्वांत स्पष्ट कसोटी म्हणजे ओंडक्याच्या टोकाची चकती त्रिज्येच्या दिशेने फोडणे: सरळ लाकूड सपाट फाटते, लहरी लाकडाचा फाटलेला पृष्ठभाग पन्हळीसारखा निघतो.

ओळख पटली तरी करवतीची दिशा चुकल्यास नक्षी हरवते. लहरी नक्षी त्रिज्यीय कापावर उठून दिसते. म्हणून व्हायोलिनच्या पाठीसाठी सिकॅमोर मेपलचे पाचरीसारखे तुकडे करून ते पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून जोडतात. इटलीतील क्रेमोना येथील व्हायोलिनकार आन्तोनिओ स्त्रादिवारी (मृत्यू १७३७) याच्या वाद्यांच्या पाठीही अशाच मेपलच्या आहेत. गोधडीनक्षी व पक्षीनेत्र नक्षी यांना उलट स्पर्शीय (वाढीच्या वलयांना स्पर्शून जाणारा) काप लागतो. दुबेळक्यातील पिसासारखी नक्षी दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून जाणाऱ्या पातळीत कापली तरच मिळते. त्यामुळे दुबेळके तोडणीच्या वेळीच अखंड राखावे लागते. अक्रोडाचा बुंधा तर पुष्कळदा मुळांसकट खणून काढतात.

गोधडीनक्षी प्रामुख्याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मोठ्या पानांच्या मेपलमध्ये (एसर मॅक्रोफायलम) आढळते आणि गिटारसाठी तिला मागणी असते. तेथील सरकारी जंगलांत चोरटे कुऱ्हाडीने साल उडवून झाड तपासतात. नक्षी न निघालेली झाडे जखमी अवस्थेत उभी राहतात. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक राष्ट्रीय वनातील अशा एका चोरीच्या खटल्यात विकलेले लाकूड आणि जंगलातील खुंट यांचा डीएनए जुळवून दाखवण्यात आला आणि २०२१ मध्ये आरोपी दोषी ठरला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात झाडाचा डीएनए पुरावा म्हणून वापरला जाण्याची ती पहिली वेळ मानली जाते.

नक्षी आनुवंशिक असेल, तर शोधण्याऐवजी लागवड करता येते. फिनलंड व रशियातील कॅरेलियन बर्चमध्ये हे काही अंशी साधले आहे: त्याच्या खोडावरील गाठीसारखे फुगवटे लहान वयातच दिसतात आणि बियांपासून झालेल्या रोपांपैकी काहींतच गुण उतरतो, म्हणून कलम व ऊतक संवर्धन यांचा आधार घेतात. मेपलच्या पक्षीनेत्र नक्षीबाबत असे भरवशाचे यश नाही.

भारतात ऐन (टर्मिनॅलिया इलिप्टिका) या महाराष्ट्रातही सामान्य असलेल्या वृक्षाच्या काही खोडांत लहरी नक्षी येते आणि तिचे व्हिनियर ‘इंडियन लॉरेल’ या व्यापारी नावाने परदेशात गेले. त्याची जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी भेगाळलेली साल खालची लहर झाकून टाकते. त्यामुळे मेपलची कसोटी येथे चालत नाही आणि उघड्या जखमेवर किंवा फोडलेल्या तुकड्यावरच भिस्त ठेवावी लागते. सागात नक्षी दुर्मिळ असून तेथे सरळ तंतूंनाच अधिक किंमत मिळते. म्हणूनच बल्लारशाहसारख्या आगारात लिलावाला ठेवलेल्या सागाच्या ओंडक्यात पिळलेले तंतू आढळणे हा गुण नव्हे, दोष समजला जातो.