साधी 49 सेंटिमीटरची काडी आणि ट्रॅपवाली काडी: दोन्ही ‘ड्युअल बँड’, पण एकच नव्हेत

गाडीच्या टपावर लावायला घरी केलेला ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांवर चालणारा) अँटेना म्हटलं की हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू दाखवतात. एक म्हणजे मॅग माउंटवर (चुंबकी बैठकीवर) उभी केलेली साधी स्टीलची काडी. दुसरीत खालून साधारण 16 सेंटिमीटरवर ट्रॅपची एक छोटी कॉइल असते. मीटर लावला की दोन्हींचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप; 1 म्हणजे उत्तम) दोन्ही बँडवर छान दिसतो, आणि घोळ तिथेच होतो.

साधी काडी चालते ती गणिताच्या कृपेने. 145 मेगाहर्ट्झला, म्हणजे खालच्या बँडवर, पाव तरंग (तरंगलांबीचा चौथा भाग) म्हणजे साधारण 49 सेंटिमीटर. 145 ची तिप्पट 435, आणि आपल्याकडे हॅमना मिळालेला वरचा बँड 434 ते 438. म्हणजे तीच काडी तिथे पाऊण तरंगाची होते. (नेमकी तिप्पट जुळत नाही; वरच्या बँडला, ज्याला तरंगलांबीवरून 70 सेंमी म्हणतात, काडी किंचित लांब लागते, म्हणून 50 च्या आसपास ठेवून दोन्हीकडे थोडं सोडून द्यायचं.) गंमत म्हणजे खालच्या बँडवर, जिथे ती उत्तम काम करते, तिथे तिचा रोध (इंपीडन्स) 36 ओहमच्या आसपास असतो आणि मीटर 1.4 दाखवतो. वरच्या बँडवर तो 50 च्या, म्हणजे रेडिओ आणि केबलच्या रोधाच्या, जवळ जातो आणि मीटर जवळजवळ 1 दाखवतो. मीटरवर विश्वास ठेवला तर ती 70 सेंमीचीच अँटेना वाटेल!

पण ऊर्जा जाते कुठे हे मीटरला ठाऊक नसतं. पाऊण तरंगाच्या काडीचा मुख्य झोत क्षितिजाकडे जात नाही, 45 अंशांच्या आसपास वर चढतो. 20 अंशांजवळ चक्क खड्डा पडतो, आणि त्याखाली आडव्या दिशेला मुख्य झोताच्या निम्मी ताकद उरते. हे आकडे अमर्याद धातूच्या पृष्ठभागाचे. टप तेवढा मोठा नसल्याने ते पुढेमागे होतात, पण आकार हाच. 600 मीटर उंच डोंगरावर रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं केंद्र) असेल आणि तुम्ही पायथ्याशी, दीड-पावणेदोन किलोमीटरवर असाल, तर नेमके त्या खड्ड्यात सापडता.

ट्रॅप हाच प्रश्न सोडवतो. कॉइल आणि तिला समांतर कपॅसिटर 436 ला रेझोनन्सवर आणले (त्या फ्रिक्वेन्सीशी जुळवले) की वरचा भाग त्या बँडपुरता तुटल्यासारखा होतो. उरते 16 सेंटिमीटरची पाव तरंगाची काडी, जिचा झोत खाली राहतो. 145 ला तोच ट्रॅप नुसत्या छोट्या कॉइलसारखा वागतो, म्हणून एकूण लांबी थोडी कमी लागते. 5 मिमीच्या ड्रिल बिटवर 1 मिमी तारेचे अडीच-तीन वेढे घेतले की 30 नॅनोहेन्रीच्या आसपास मिळतात. सोबत 4 पिकोफॅरॅड हवेत. त्यासाठी आरजी-58 या अँटेना-केबलचा 4 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, कारण त्यात मीटरभर लांबीमागे साधारण 100 पिकोफॅरॅड असतात. वेढे ताणून-दाबून नेमकं जुळवायचं.

मग सगळ्यांनी ट्रॅपच करावा का? मला तसं वाटत नाही. आडव्या दिशेला दोघींत फरक सुमारे दोन डेसिबलचा. 435 ला आरजी-58 ची चार मीटर केबलच सव्वा-दीड डेसिबल खाते, तेव्हा आधी केबल आखूड किंवा बरी घ्यावी. 145 वरच गप्पा मारणाऱ्याने साधी काडी लावून मोकळं व्हावं. उपग्रह ऐकणाऱ्याला तर ती जास्त सोयीची: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर 437.800 वर बोलतो, आणि स्थानक डोक्यावर चढत असताना तो वर गेलेला झोत कामी येतो. मधल्या खड्ड्यात आवाज बसतो, तेवढं सोसायचं. 70 सेंमीवर गावात, गाडी ते गाडी बोलणाऱ्यांनी मात्र ट्रॅपची खटपट जरूर करावी.

करताना क्रम पाळा. आधी खालच्या भागाची लांबी कमी-जास्त करून 436 जुळवा, मग वरचं टोक कापत 145. उलट केलंत तर दर वेळी पहिलं बिघडतं. ट्रॅपवर पावसाळ्यासाठी हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली की रेझोनन्स थोडा खाली सरकतो, म्हणून शेवटचं कापणं ती चढवल्यावरच.