स्नोबोर्डिंग

स्नोबोर्डिंग : एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे जखडून बर्फाळ उतारावरून घसरत उतरण्याचा हिवाळी क्रीडाप्रकार. स्कीइंगसारख्या काठ्या यात नसतात. वळणे आणि थांबणे फळीच्या दोन पोलादी कडांवर अवलंबून असते.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. तुर्कस्तानच्या रिझे प्रांतातील पेत्रान गावी दोरी व काठीच्या साहाय्याने फळीवरून घसरण्याची प्रथा फार जुनी असल्याचे सांगतात; तो आधार मुख्यतः मौखिक परंपरेचा. टॉम सिम्स याने १९६३ च्या सुमारास न्यू जर्सीत शाळेच्या सुतारकामाच्या तासाला अशी फळी केल्याचा दावा आहे. शर्मन पॉपेन याने मिशिगनमधील मस्कीगन येथे २५ डिसेंबर १९६५ रोजी दोन स्की शेजारी बांधून आपल्या मुलींसाठी ‘स्नर्फर’ केला, आणि पुढे त्याचे कारखान्यात उत्पादन झाले. अखंड धागा येथूनच सापडतो. म्हणून आधुनिक खेळाचा आरंभ स्नर्फरपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र स्नर्फरवर पाय मोकळे असत. जेक बर्टन कार्पेंटर १९७९ च्या स्नर्फर स्पर्धेत पाय बांधायची फळी घेऊन उतरला, तेव्हा आक्षेप आला आणि खुला गट करावा लागला. या बांधणीनेच कडेवरचा ताबा शक्य झाला. ऑलिंपिक प्रवेश नागानो, १९९८.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यास ‘रेग्युलर’, उजवा ठेवणाऱ्यास ‘गूफी’ म्हणतात. नवशिक्यासाठी बांधण्यांचा (बूट फळीला जखडणाऱ्या पकडींचा) कोन पुढच्या पायाला +१५°, मागच्याला −६° ते −१५° ठीक; + म्हणजे बोटे फळीच्या नाकाकडे, − म्हणजे शेपटीकडे वळलेली. फळीची लांबी उंचीपेक्षा वजनावरून ठरवावी. फळी अरुंद पडली तर बुटाचे टोक बर्फात घासून कड सुटते.

आडवे घसरताना नेहमी उताराच्या वरच्या बाजूची कड रोवलेली हवी. फळी सपाट झाली की खालची कड बर्फात अडकते आणि स्वार उताराकडे आपटतो. टाचेकडच्या कडेवरून चवड्याकडच्या कडेवर जाताना फळीचे नाक क्षणभर थेट उताराकडे वळू द्यावे लागते. नवशिका नेमका तिथे भिऊन मागे रेलतो. मग पुढचा भाग हलका पडून वळण हुकते. पडताना तळवे टेकल्यास मनगट मोडण्याचा संभव असतो, म्हणून मुठी वळून कोपरापुढचा हात टेकावा. खुर्ची-लिफ्टवर मागचा पाय सोडवून बसतात. सपाट पट्ट्याआधी वेग राखावा. काठ्या नसल्याने थांबलेला स्वार फळी काखेत मारून चालू लागतो.

भारतात गुलमर्ग व औली ही प्रमुख ठिकाणे. नागपूर सुमारे ३१० मी. उंचीवर, गुलमर्ग २,६५० मी., तर तेथील गंडोलाचा (बंद डब्यांच्या रज्जुमार्गाचा) वरचा टप्पा ३,९०० मी.च्याही पलीकडे; विरळ हवेची सवय नसल्याने नागपूरकराने पहिल्याच दिवशी वर जाऊ नये. वरच्या, न राखलेल्या उतारांवर हिमलोटाचा धोका असतो. ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे.

विदर्भात खरा प्रश्न फळी सांभाळण्याचा. हंगाम संपताच तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीने पसरून न खरवडता ठेवतात आणि बांधण्यांचे स्क्रू सैल करतात, म्हणजे तळाला खळगे पडत नाहीत. मे महिन्यात फळी बंद गाडीत किंवा टिनाच्या शेडखाली ठेवल्यास थरांमधला राळेचा जोड सुटू लागतो. ती आतल्या खोलीत, पण कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. ओल्या हवेने कडा गंजतात. पावसाळ्यापूर्वी कडांना तेलाचे बोट फिरवावे.